मूठभर तूस

दिवाळीनंतर मी महाड-पोलादपूरकडे तीन दिवस जाऊन आले. रायगड पाहिला नाही, शिवथरची घळही पाहिली नाही. बिरवाडीतली एक भाड्याची खोली, उंदरांनी भरलेलं एक दालन आणि आंबेनळी घाटाच्या बाजूची एक वाडी, एवढंच पाहिलं. वाडीचं नाव लिहीत नाही. "माझं नाव घाला, गावाचं नको, लोक हसतील," असं तिथल्या उतेकर मामांनी सांगितलं आहे.

गेले ते एका उत्तराच्या शोधात. मी पुण्यात संशोधन करते. नाचणीच्या कोंड्यानं आतड्याची सूज कमी होते का, हे उंदरांवर तपासते. पहिल्या वेळी उत्तर स्वच्छ आलं. कोंडा खाल्लेल्या उंदरांची सूज कमी होती. मग रीतीप्रमाणे तोच प्रयोग पुन्हा केला, तर काही फरक दिसेना. तिसऱ्यांदा केला, तरी नाही. उंदरांची तीच जात, तेच वय, तीच नाचणी आणि तीच मी.

तिसऱ्या वेळेनंतर आमच्या सरांनी शांतपणे विचारलं, "पहिल्या वेळी मोजताना कोणता पिंजरा कोणता, हे तुला माहीत होतं का?"

माहीत होतं. मी तसं सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. मी मुद्दाम खोटं केलं असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांनी जे हवं ते पाहिलं असेल, असं त्यांना वाटत होतं, आणि रात्रंदिवस विचार करून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता. त्यातलं हे प्रकरण राहणार की जाणार, आणि गेलं तर माझ्या मोजण्यावर पुढे कोण विश्वास ठेवणार, हा प्रश्न घेऊन मी वरंधा घाटातून खाली उतरले.

बिरवाडी, शुक्रवार

शर्वरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत उंदरांचा विभाग सांभाळते आणि बिरवाडीत खोली घेऊन राहते. माझा प्रयोग तिनं लहान प्रमाणात तिच्याकडे करून पाहिला होता. उत्तर तेच, म्हणजे काहीच नाही.

मी पोचले तेव्हा ती कामावरून आली नव्हती. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती. रस्ताभर मोटारसायकली, प्रत्येक खोलीतून फोडणीचा वास, आणि त्या वासाखाली कारखान्यांचा तो वेगळा, घशाला लागणारा वास. घरमालकीणबाईंनी कुलूप उघडून दिलं आणि विचारलं, "जेवलात काय?"

अनोळखी माणसानं काही विचारलं की माझ्या तोंडून आधी "हो" निघतं. मी "हो" म्हटलं. पुण्यात आमच्याकडे असं म्हटल्यावर दोनदा तरी आग्रह होतो आणि मग माणूस बसतो. या बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि निघून गेल्या. शर्वरी साडेनऊला आली तोपर्यंत मी बॅगेतली बिस्किटं संपवली होती.

"अजून तशीच आहेस," ती म्हणाली आणि शेजारून भात-आमटी घेऊन आली.

महाड, शनिवार सकाळ

तिचं उंदरांचं दालन आमच्यापेक्षा फारच नीटनेटकं निघालं. बूट बदला, झगा घाला, टोपी घाला, मग आत. ओळीनं पारदर्शक पिंजरे, प्रत्येकात चार-पाच पांढरे उंदीर. माझ्या उंदरांशेजारी ठेवले असते तर मलाही वेगळे ओळखता आले नसते.

"बाहेरून काहीच फरक नाही," शर्वरी म्हणाली. "आत मात्र सगळंच वेगळं असू शकतं."

पोटातल्या जंतूंबद्दल मी वाचलेलं होतंच. पण ते माझ्या प्रयोगाशी जोडून कुणी समोर उभं राहून सांगितलं नव्हतं. उंदीर लेंड्या खातात, स्वतःच्या आणि सोबतच्यांच्याही. त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या पोटात जंतूंची जवळपास एकच वस्ती असते, आणि शेजारच्या पिंजऱ्यात दुसरीच असू शकते. ही वस्ती आईकडून येते, खाली पसरलेल्या तुसातून येते, पाण्यातून, खाद्यातून येते. शर्वरीकडे पाण्यात थोडं आम्ल घालतात, खाद्य वाफ देऊन येतं, उंदीर आमच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून येतात.

"तुझा कोंडा उंदीर पचवतच नाही," ती म्हणाली. "पचवतात ते आतले जंतू. त्यातून जे तयार होतं त्यानं सूज उतरत असेल. ते जंतूच नसतील तर कोंडा आला तसा गेला. माझ्याकडे ते नसावेत, म्हणून माझं उत्तर 'नाही.' यात तुझी चूक कुठे आली?"

"पण पुण्यात पहिल्यांदा 'हो' आलं आणि दुसऱ्यांदा 'नाही.' जागा तीच होती."

"मधे काय बदललं?"

मी बोटांवर मोजलं. खाद्य तेच, पाणी तेच, उंदीर पुरवणारे तेच.

"माणसं?"

"उतेकर मामा रिटायर झाले. पिंजरे तेच साफ करायचे."

"कुठे असतात?"

"पोलादपूरच्या वर, गावी. पण त्यांचा फोन लागत नाही."

"अगं, मग इथवर आली आहेस ती परत जायला का? पोलादपूर पाऊण तासावर आहे."

मी न सांगता कुणाच्याही घरी गेलेली नाही. शेजाऱ्यांकडे जातानाही आधी मेसेज करते. शर्वरीनं मला स्टँडवर आणून बसमध्ये बसवलं आणि बस सुटेपर्यंत खाली उभी राहिली. मी उतरून येईन याची तिला खात्री असावी.

पोलादपूर आणि वर, शनिवार दुपार

पोलादपूरला वडापाव खाल्ला आणि घाटाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. कात्रज सोडल्यावरचे डोंगर मला उंच वाटत आले आहेत. इथले डोंगर अगदी अंगाशी येऊन उभे राहतात, मान वर केल्याशिवाय आकाश दिसत नाही. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी भाताची पिवळी खाचरं, अर्धी कापलेली, अर्धी उभी.

ड्रायव्हरनं मागे वळून "इथंच ना?" विचारलं आणि मी "हो" म्हटलं. जीप गेल्यावर कळलं की वाडी अजून दोन वळणं वर आहे.

खाचरात एक बाई विळा घेऊन कापत होत्या. त्यांनी कंबर सरळ केली.

"कुणाकडं गो?"

"उतेकरांकडे."

"हितं समदंच उतेकर. कुठलं?"

"तुकाराम उतेकर. पुण्याला असायचे. उंदरांकडे."

"हां, उंदीरवाला तुका," त्या म्हणाल्या. "मंग असं सांग की."

या गंगूआक्का. विळा कमरेला खोचून त्या माझ्यापुढे चालू लागल्या, आणि वाटेत दिसेल त्या घराला सांगत गेल्या, "तुकाची म्याडम आली, पुण्याची." मी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. मामा अंगणात उभे होते. पुण्यात मी त्यांना नेहमी निळ्या झग्यात पाहिलं होतं. इथे अर्ध्या चड्डीत, डोक्याला टॉवेल, अंगभर भाताचं कुसळ.

"मॅडम," ते म्हणाले, "काय झालं? कुणी गेलं काय?"

"कुणी नाही. सहज आले."

त्यांना ते पटलं नाही. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मामींनी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी वाढली. नाचणीची भाकरी मी पहिल्यांदाच खात होते, हे मी चुकून बोलून गेले.

मामींचा हात थांबला. "तुमी नाचणीवरच शिकताव ना?"

"हो. चार वर्षं."

"उंदरांना घालताव नि स्वतः खात नाय? बस गो, अजून एक खा."

संध्याकाळी पडवीत पाच-सहा माणसं येऊन बसली. कुणी कामानं आलं नव्हतं, बघायला आली होती. आमच्या सोसायटीत बेल वाजली की आम्ही आधी भिंगातून पाहतो. इथे दाराला भिंग लागणार कुठे, दार दिवसभर उघडंच. मामा त्यांना उंदरांच्या गोष्टी सांगत होते. मधेच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "माझ्या म्हाताऱ्या कशा हायत?"

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातल्या तीन माद्यांबद्दल ते विचारत होते. वीण थांबल्यावर अशा माद्या ठेवत नाहीत. मामांनी चिठ्ठीवर 'राखीव' लिहून त्या सांभाळल्या होत्या.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

बऱ्या होत्या, पण सोमवारी सकाळपर्यंतच. नवे पिंजरे येणार म्हणून ती खोली रिकामी करायची होती, आणि प्रयोगात नसलेले उंदीर मारायचे होते. ती यादी गुरुवारी माझ्यापुढे आली होती. त्या तीन माद्या तिच्यात होत्या, आणि खाली माझी सही होती. ज्या माणसाच्या घरी जेवले, त्याला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

वाडी, रविवार

सकाळी मागच्या गोठ्यातून मामींचा आवाज आला म्हणून गेले. चार दिवसांपूर्वी माणगावच्या बाजूनं आणलेली नवी म्हैस मान टाकून उभी होती. खात नव्हती, रवंथ करत नव्हती. शेजारी त्यांची जुनी म्हैस डोळे मिटून निवांत चघळत बसली होती. मामा तिच्या गळ्याकडे टक लावून बसले होते.

"गप उभ्या रावा," मामी मला म्हणाल्या.

जुन्या म्हशीच्या गळ्यातून रवंथाचा एक गोळा वर सरकलेला मलाही दिसला. मामांनी तिच्या जबड्याच्या कडेनं हात आत घातला आणि तो हिरवा, फेसाळ गोळा बाहेर काढला. म्हशीनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मामा उठले, नव्या म्हशीचं तोंड वर धरून तो गोळा आत सारला आणि तिनं गिळेपर्यंत जबडा धरून ठेवला.

"हे काय केलंत?"

"डॉक्टरांनी औषध दिलंय, ते चालूच हाय," मामा हात धुत म्हणाले. "पण तिच्या पोटाला इथलं गवात ओळखीचं नाय. हिच्या पोटाला हाय. मंग हिच्यातलं थोडं तिला द्यायचं. माझा बा करायचा, मी करतो."

मी तिथेच शेणात उभी होते. जो प्रश्न काल संध्याकाळभर विचारायचा राहिला होता तो सरळ बाहेर आला.

"मामा, पुण्यात उंदरांनाही असं काही करायचात का?"

मामांनी टॉवेलनं हात पुसले.

"तुमी त्यासाठी आलाव," ते म्हणाले.

"मी भांडायला आले नाही."

"नेमाच्या पुस्तकात लिवलंय, पिंजरा बदलताना जुनं तूस समदं टाकायचं. माझी सही हाय त्याच्यावर." ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. "समदं टाकलं की उंदरं रातभर भांडायची. नवीन खेप यायची ती तर अंग चोरून बसायची, हगवण लागायची. मंग मी एक मूठ ठेवायचो. जुन्यातलं मूठभर तूस, नव्याच्या कोपऱ्यात. दोन दिसांत निवायची. तुमच्या समद्या पिंजऱ्यांत घातलंय. खोटं कशाला बोलू?"

"कुठल्या पिंजऱ्यातलं?"

"म्हाताऱ्यांच्या. त्या कधी आजारी पडल्या नायत."

म्हणजे माझ्या पहिल्या प्रयोगातल्या एकूण एक उंदराच्या पोटात त्या तीन माद्यांच्या पोटातली वस्ती पोचली होती. मामा गेले, नवा माणूस आला, त्यानं पुस्तकाप्रमाणे सगळं तूस टाकलं, आणि मूठ थांबली. पुढच्या दोन्ही खेपांना कोंडा मिळाला, तो पचवणारे मिळाले नाहीत. हे सगळं अजून तपासायचं होतं. पण तपासायला जे लागणार होतं ते कोपऱ्यातल्या एकाच पिंजऱ्यात शिल्लक होतं. पहिल्या वेळच्या लेंड्या गोठवून ठेवायचं तेव्हा मला सुचलं नव्हतं.

"चूक झाली ना माझी?" मामा म्हणाले. "तुमचं काम बिघाडलं."

"मामा, त्या म्हाताऱ्या उद्या मारणार आहेत," मी म्हटलं. "यादीवर माझी सही आहे. काल मी तुम्हाला सांगितलं नाही."

मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग उठले. "चला. दगडावर चला."

वाडीत रेंज नाही. देवळामागच्या चढावर एक सपाट कातळ आहे, तिथे येते. त्याला सगळे दगडच म्हणतात. रविवारी अकराच्या सुमाराला निम्मी वाडी तिथे असते, कारण मुंबईला कामाला असलेल्यांना त्या दिवशी सुट्टी. आम्ही पोचलो तेव्हा सात-आठ जण कानाला फोन लावून मोठमोठ्यानं बोलत होते. गंगूआक्का मुलाला गॅस कसा बंद करायचा ते समजावत होत्या. घरी मी फोनवर बोलायचं तर खोलीचं दार लावून घेते.

मी सरांना फोन लावला. सरांशी मी नेहमी इंग्रजीत बोलते. दोन वाक्यं नीट गेली, मग आवाज तुटायला लागला. सर "काय? काय?" करत होते. तीन वेळा तेच वाक्य म्हटल्यावर माझं इंग्रजी संपलं आणि मी ओरडले, "सर, त्या तीन म्हाताऱ्यांना मारू नका."

दगडावरचे सगळे फोन एकदम थांबले.

"कोण मारतंय गो?" गंगूआक्का म्हणाल्या.

"उंदीर, आक्का, उंदीर," मामा म्हणाले.

"कशासाठी?" सरांचा आवाज आला.

"त्यांच्या लेंड्या पाहिजेत सर. लेंड्या. तूस. पहिल्या प्रयोगात सगळ्या पिंजऱ्यांत तेच तूस गेलं होतं. नंतर नाही गेलं."

माझ्यामागे कुणीतरी हसू दाबत होतं. गंगूआक्का मुलाला सांगत होत्या, "थांब रे, हितं म्याडम लेंड्या मागतेय सायबाकडं." माझे कान तापले होते, पण फोन कानापासून काढायची सोय नव्हती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मूठ, कोपऱ्यातला पिंजरा, मामांची निवृत्ती.

"मी आत्ता तिकडे जातो," सर म्हणाले. "यादीतून काढतो. उतेकरांना एक विचार. मूठभर म्हणजे किती?"

मी मामांना विचारलं. मामांनी बंद मूठ फोनपुढे धरली, जणू सरांना ती दिसणार होती.

निघण्याआधी मामा मला खळ्याकडे घेऊन गेले. मी त्यांना गिरणीतून आणलेल्या तुसात पाच वेळा हात घालायला सांगितलं, मधे थोडं थोडं थांबून. पाच मुठी पाच पिशव्यांत बांधल्या आणि वर आकडे घातले. मामी म्हणाल्या, "पुण्यात तूस मिळत नाय काय?" नवी म्हैस तोवर गवताच्या पेंढीला तोंड लावू लागली होती. औषधानं की त्या गोळ्यानं, ते सांगता येणार नाही. एकाच म्हशीवरून काही सांगता येत नाही.

पुणे, त्यानंतर

पिशव्या मी प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलल्या. पाचही जवळपास सारख्या भरल्या. इतकं सारखं मला चमच्यानं मोजूनही जमत नाही.

नवे उंदीर आले. पिंजरे साफ करणाऱ्या नव्या माणसानं सरांच्या यादीप्रमाणे निम्म्या पिंजऱ्यांत म्हाताऱ्यांच्या तुसातली, मामांच्या मापाची मूठ घातली, निम्म्यांत स्वच्छ तूस. दोन्हींकडे काहींना नाचणी, काहींना नाही. या वेळी मोजलं माझ्या एका सहकाऱ्यानं, आणि कोणता पिंजरा कोणता हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. यादी सरांच्या कपाटात बंद पाकिटात होती. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांनी ते माझ्यासमोर फोडलं. मूठ आणि नाचणी दोन्ही मिळालेल्यांची सूज उतरली होती. नुसत्या नाचणीवाल्यांची नाही, आणि नुसत्या मुठीवाल्यांचीही नाही.

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पहिल्या वेळी तू बरोबर मोजलं होतंस."

प्रकरण राहिलं आहे, पण त्याचं नाव बदललं आहे. आता ते नाचणीइतकंच नाचणी पचवणाऱ्यांचंही आहे. पद्धतीच्या भागात मी उतेकर मामांचं नाव घालून मूठ कशी आणि कुठून घ्यायची ते लिहिलं. हे उत्तर अजून एकदाच आलेलं आहे. पुढच्या महिन्यात तेच तूस घेऊन मी पुन्हा महाडला जाणार आहे, शर्वरीच्या उंदरांना द्यायला. तिच्याकडेही "हो" आलं तर खरं. घरमालकीणबाईंना या वेळी "नाही जेवले" म्हणून सांगायचं ठरवलं आहे.

पाकीट फोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकरा वाजता मी विभागाच्या व्हरांड्यात उभी राहून मामांना फोन लावला. ते दगडावर असणार हे माहीत होतं. वाऱ्याचा आवाज येत होता, पाठीमागे गंगूआक्कांचा. मी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, सगळं सांगितलं. दोन खोल्यांतून माणसं बाहेर येऊन बघू लागली, तरी सांगत राहिले.

मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हाताऱ्या कशा हायत?"

"एक गेली मामा, थंडीत. वयानं गेली."



"दोन हायत ना?"

"हो. दोन आहेत."

"मंग त्यांनाबी घाल गो थोडी नाचणी," मामा म्हणाले.